मोठ्या रॉक कॉन्सर्टची आठवण कशी लिहून ठेवायची

माझी भाची जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या कार्यक्रमाला जाऊन आली. १८, १९ आणि २१ असे तीन दिवस कार्यक्रम होते, ही १९ तारखेला होती. फेब्रुवारीत मिरजेला आली तेव्हा मी म्हटलं, "चल, सांग सगळं." तिने फोन पुढे केला. एकशे सहा व्हिडिओ. मी म्हटलं, फोन राहू दे, तू तोंडाने सांग. जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "अरे मामा, खरं सांगू? व्हिडिओत आहे तेवढंच आठवतंय."

मला वाईट वाटलं. तिकिटासाठी किती दिवस फोनला चिकटून बसली होती ते मी पाहिलं होतं. मग मी माझी वही काढली आणि तिला शेजारी बसवलं. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

वहीत एकच रात्र आहे. शनिवार, १७ मार्च २००७, बंगळूर, पॅलेस ग्राउंड्स. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा भारतातला पहिला कार्यक्रम. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. आम्ही चौघे मित्र मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने गेलो. त्या रात्रीबद्दल मी चौदा वर्षं बोलत आलो, पण लिहायला बसलो २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये, आणि पहिल्या बैठकीत जेमतेम दोन पानं झाली. त्यातलंही बरंच चुकीचं निघालं. आज सोळा पानं आहेत आणि त्यांतली प्रत्येक ओळ कुठून आली ते मला सांगता येतं.

आधी एकट्याने लिहा

लिहायला बसाल तेव्हा व्हिडिओ बघू नका, मित्रांना फोन करू नका, कोणाचा लेख वाचू नका. निदान पहिले दोन दिवस तरी नाही. एकदा दुसऱ्याचा व्हिडिओ पाहिला की तो कॅमेरा जिथे होता तिथे आपण उभे होतो असं वाटायला लागतं. मग आपली मूळ जागा परत सापडत नाही.

कागद आणि पेन घ्या. क्रम लावू नका, छान लिहायचा प्रयत्न करू नका. जे आठवेल ते एकेका ओळीत टाका आणि सुरुवात स्टेजपासून करू नका. स्टेज सगळ्यांचं एकच असतं. तुमचं स्वतःचं काय होतं, तर पाय, घसा, नाक, खिसा. तिथून सुरुवात करा. पायात काय होतं? काय खाल्लं होतं? लघवीला कुठे गेलात? घामाने शर्ट कुठे चिकटला होता?

माझ्या पहिल्या कागदावरची पहिली ओळ अशी आहे: "दुसऱ्या दिवशी सकाळी नाक शिंकरलं तर रुमालावर लाल माती." एवढंच. पण या ओळीतून पुढे सगळं मैदान उभं राहिलं. माती लाल, कोरडी, मार्चमधली. हजारो लोक एकाच वेळी उड्या मारायला लागले की ती कमरेपर्यंत उठायची आणि स्टेजच्या दिव्यांत धुरासारखी दिसायची. आमच्यातल्या एकाला दम्याचा त्रास होता, त्याने तोंडाला हातरुमाल बांधला होता. तो रुमाल पांढरा, निळ्या काठाचा. हे मला चौदा वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. नाक शिंकरल्याचं लिहिलं आणि लगेच तो रुमाल डोळ्यांपुढे आला.

प्रवासाला दोन पानं द्या

लोक थेट पहिल्या गाण्यावर उडी मारतात. मी म्हणेन, घरातून निघालात तिथपासून लिहा. गाडी दुपारी मिरजेहून सुटली. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. बेळगाव गेल्यावर डबा उघडला, तर चटणीचं तेल वर्तमानपत्रातून झिरपून माझ्या काळ्या टी-शर्टवर उतरलं होतं. तोच शर्ट घालून मी दुसऱ्या दिवशी मैदानात गेलो, आणि गर्दीत घामाबरोबर लसणाचा वास येत राहिला. आजही लसणाची चटणी कुटताना माझ्या कानात गिटार सुरू होते. वासाचा आठवणीशी असा घट्ट धागा असतो, तो वापरून घ्या. त्या दिवशी जे खाल्लं होतं ते घरी करून खा आणि मग लिहायला बसा.

त्या वेळच्या कॅसेटी, सीडी पुन्हा ऐकायच्या का? ऐका, पण कार्यक्रमात वाजलेली गाणी नकोत. गाडीत, खोलीवर, रिक्षात जे कानावर पडलं होतं ते ऐका. ते तुम्ही नंतर हजार वेळा ऐकलेलं नसतं, म्हणून ते अजून त्या दिवसालाच चिकटलेलं असतं.

खुंट्या शोधा

आता आठवण तपासायची. मी कुपवाडच्या एमआयडीसीत क्वालिटीला काम करतो. मोजमाप घेताना एक पृष्ठभाग पक्का धरावा लागतो, बाकी सगळं त्याच्यावरून मोजायचं. आठवणीलाही अशा पक्क्या खुंट्या लागतात. त्या दिवशी जगात दुसरं काय चाललं होतं, ज्याची वेळ कुठेतरी छापलेली आहे? निवडणूक, पाऊस, संप, परीक्षा, क्रिकेट.

माझी खुंटी क्रिकेटची आहे. १७ मार्च २००७ म्हणजे वर्ल्ड कपमधली भारत–बांगलादेश मॅच, पोर्ट ऑफ स्पेनला. आपल्याकडे संध्याकाळी सातच्या सुमाराला सुरू झाली. मैदानात ज्यांच्या फोनला रेंज होती त्यांना घरून मेसेज येत होते आणि दोन गाण्यांच्या मध्ये कोणीतरी स्कोअर ओरडायचा. सेहवाग २ वर गेला ते मला असंच कळलं.

माझी आठवण अशी होती: शेवटच्या गाण्याआधी कोणीतरी "हरलो" म्हणून ओरडलं आणि आसपासच्या पन्नासेक लोकांनी एकदम "श्शी" केलं. हे मी कितीतरी जणांना रंगवून सांगितलं होतं. मग स्कोअरकार्ड समोर ठेवून हिशेब केला. भारत ४९.३ षटकांत १९१ वर सर्वबाद. सातला सुरू झालेला डाव संपायलाच साडेदहाच्या आसपास होतात. बांगलादेशने ते १९१ पार केले आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर. तेव्हा आम्ही मल्लेश्वरमला मित्राच्या मामेभावाच्या खोलीवर होतो. म्हणजे मैदानात "हरलो" कोणी ओरडणं शक्यच नव्हतं. ते "श्शी" होतं, पण ते गडी भराभर पडत होते त्याबद्दलचं. हरल्याची बातमी खोलीवरच्या टीव्हीवर कळली, आणि मी दोन्ही मिळवून एकच केलं होतं.

अशी चूक सापडली की खोडू नका. मी जुनी ओळ तशीच ठेवली, तिच्याखाली रेघ मारून हिरव्या शाईने खरं काय ते लिहिलं. चुकीच्या आठवणीतही काहीतरी असतं. त्या रात्रीचा आनंद आणि पराभव माझ्या डोक्यात एकाच जागी जाऊन बसले होते, हे मला त्या चुकीनेच दाखवलं.

कोणी म्हणेल, मला तर अगदी स्पष्ट आठवतंय, तपासायचं कशाला? स्पष्ट आठवतं म्हणून ते खरं, असं नसतं. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान फुटलं. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या उल्रिक नाइसर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात. दोन-अडीच वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा विचारलं, तर बऱ्याच जणांचं उत्तर बदललेलं होतं. आणि नवीन उत्तराबद्दल ती मुलं ठाम होती. आपणही त्याच मुलांसारखे आहोत.

दोन कार्यक्रम एकमेकांत मिसळतात, ते सोडवा

एकाच बँडला दोनदा पाहिलं असेल तर हे करावंच लागतं. मी मेडनला पुढच्या वर्षी मुंबईतही पाहिलं. १ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुलाचं मैदान. तो जागतिक दौरा मुंबईतूनच सुरू झाला आणि बँड स्वतःच्या बोइंग ७५७ विमानाने आला होता, जे त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः चालवत होता. त्या दौऱ्याचं नेपथ्य १९८४ च्या 'पॉवरस्लेव्ह' अल्बमवरून घेतलेलं होतं, सगळं इजिप्तचं.

माझ्या बंगळूरच्या आठवणीत इजिप्तचं चित्र घुसलं होतं. मित्राच्या आठवणीत तर 'राइम ऑफ द एन्शन्ट मरिनर' हे तेरा मिनिटांचं गाणं बंगळूरला वाजलं होतं. ते २००८ च्या दौऱ्यातलं, २००७ चा दौरा २००६ च्या नव्या अल्बमचा होता. आम्ही मोठ्या कागदावर मध्ये रेघ मारून डावीकडे बंगळूर, उजवीकडे मुंबई लिहिलं. ज्या गोष्टीची जागा नक्की होती ती त्या त्या बाजूला, बाकीच्या मध्ये रेघेवर. लाल माती डावीकडे. कुर्ल्याहून धावत पकडलेली लोकल उजवीकडे. चटणीचा वास डावीकडे. मित्राला तेरा मिनिटांच्या त्या गाण्यात पाय दुखून खाली बसल्याचं आठवत होतं, आणि बसायला त्याने अंगातलं जाकीट अंथरलं होतं. ते जाकीट त्याने पुण्याला नोकरी लागल्यावर, २००७ च्या दिवाळीत घेतलं. झालं, गाणं उजवीकडे गेलं. कपडे, चष्मे, दाढी, फोनचं मॉडेल या गोष्टी फार उपयोगी पडतात, त्यांना वर्ष असतं.

आजोबांची वही

माझे आजोबा दर वर्षी मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या उरुसातल्या संगीतसभेला जायचे. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ ती होते, रात्र रात्र चालते. आजोबा शिवणकाम करायचे, शिक्षण चौथीपर्यंत. पण मैफल ऐकून आले की झोपण्याआधी पाठपोट वहीत पाच ओळी लिहायचे. गायक कोण, राग कुठला, तबल्यावर आणि पेटीवर कोण, किती वाजता सुरू, किती वाजता संपलं. आणि शेवटची ओळ कायम गाण्याबाहेरची. "पाऊस आला, कोणी उठलं नाही." "शेजारी कागवाडचा एक म्हातारा, त्याने घोंगडी दिली." "तंबोरा उतरला, पुन्हा जुळवताना सगळे गप्प, ते फार चांगलं वाटलं."

मी त्यांचाच साचा उचलला. रॉकलाही तो नीट बसतो. गायन ब्रूस डिकिन्सन. गिटारवर तिघे: डेव्ह मरे, एड्रियन स्मिथ, यानिक गर्स. बासवर स्टीव्ह हॅरिस, जो बँड उभा करणारा. ड्रमवर निको मॅकब्रेन. आधी दिल्लीचा परिक्रमा बँड आणि स्टीव्ह हॅरिसची मुलगी लॉरेन हॅरिस. साथसंगत अशी मांडली की कोण कुठे उभा होता ते आपोआप आठवायला लागतं, कारण नाव लिहिताना डोळे स्टेजवर डावीकडून उजवीकडे फिरतात.

शेवटची ओळ मात्र गाण्याबाहेरचीच ठेवा. ती सगळ्यात टिकते.

एकच गाणं, एकच मिनिट

सगळी गाणी लिहायला जाऊ नका, त्याची यादी होते. एक निवडा. मी 'फिअर ऑफ द डार्क' निवडलं. त्याच्या सुरुवातीच्या गिटारच्या सुरावटीला शब्द नाहीत, पण लोक ती सुरावट गातात. "ओ ओ ओ" करत. बंगळूरला ती सुरू झाली तेव्हा माझ्या मागे उभा असलेला एक मुलगा, आवाज फाटलेला, पूर्ण बेसूर, पण एकही स्वर न सोडता गात होता. त्याचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. पुढचे हजारो आवाज आणि मागचा हा एक. मी वळून बघितलं नाही. वळलो तर तो थांबेल असं वाटलं. या एका मिनिटाला माझ्या वहीत दीड पान आहे, आणि सोळांतलं एवढंच ठेवायला सांगितलं तर मी हेच ठेवीन.

याच गाण्यात मला माझी जागाही सापडली. मित्र म्हणायचा आपण खूप पुढे होतो. पण मला आठवत होतं की टाळ्या सुरू झाल्या तेव्हा पुढच्या लोकांचे हात आधी वर जाताना दिसत होते आणि ठोका आमच्यापर्यंत नंतर येत होता. हातांची लाट पुढून मागे सरकत यायची. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शंभर मीटर मागे असाल तर ठोका जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा पोचतो, आणि एवढा फरक डोळ्यांना कळतो. अगदी पुढे उभ्या असलेल्याला ती लाट दिसत नाही. म्हणजे आम्ही चांगले मागे होतो. मित्राने मान्य केलं, जरा नाखुशीनेच.

मग मित्रांना विचारा, एकेकट्याला

ग्रुपवर विचारू नका. ग्रुपवर जो पहिल्यांदा उत्तर देतो त्याचीच आठवण सगळ्यांची होते. प्रत्येकाला वेगळा फोन करा, आणि प्रश्नात उत्तर घालू नका. "पाणी संपलं होतं, आठवतं का?" असं विचारलं तर समोरचा हो म्हणणारच. "तहान लागली तेव्हा काय केलंस?" असं विचारा.

कोणी अडकला तर उलटं चालवा. खोलीवर झोपलात, त्याआधी काय? रिक्षा कुठे मिळाली? त्याआधी किती चाललात? गेटमधून बाहेर पडताना कोणाच्या खांद्यावर हात होता? रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गायझलमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात साक्षीदारांकडून माहिती काढण्यासाठी जी पद्धत बसवली, तिच्यात हे शेवटाकडून सुरुवातीकडे येणं आहे. सरळ सांगताना आपण सवयीची गोष्ट सांगतो. उलटं सांगताना ती गोष्ट मोडते आणि मधले तुकडे बाहेर पडतात. आमचा मस्कतला असलेला मित्र असाच मैदानाजवळच्या मेखरी सर्कलपर्यंत मागे मागे आला आणि म्हणाला, "अरे, आपण अनवाणी नव्हतो का चालत?" सगळे नव्हतो, तो एकटा होता. त्याचा बूट गर्दीत गेला होता. हे त्याने आम्हाला तेव्हा सांगितलंच नव्हतं!

दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही लिहा, नावासकट. निकाल लावू नका.

व्हिडिओ, फोटो, तिकीट सगळ्यात शेवटी. काही तिकिटं उष्णतेवर उमटणाऱ्या कागदावर छापलेली असतात, पावतीसारखी. ती पुसट होत जातात, आजच फोटो काढून ठेवा. दौऱ्याच्या टी-शर्टवर पाठीमागे गावं आणि तारखा असतात, त्या उतरवून घ्या.

परवाच जाऊन आला असाल तर

तुमचं काम सोपं आहे, पण वेळ कमी आहे. पहिली रात्र फार मोलाची. भाचीला मी सांगितलं, पुढच्या वेळी नेरुळहून लोकलमध्ये बसलीस की कानाला हेडफोन लावू नकोस. फोनवर आवाज रेकॉर्ड करायला लाव आणि पनवेल येईपर्यंत बोलत राहा. मैत्रिणी मध्ये बोलल्या तरी चालेल, गाडीचा आवाज आला तर उत्तमच.

फोटो मोजून काढा. एक जाताना, एक आपल्या माणसांचा, एक स्टेजचा. कोल्डप्लेच्या त्या दौऱ्यात गायक एका गाण्यात मध्येच थांबायचा आणि सगळ्यांना फोन खिशात ठेवायला सांगायचा. मी भाचीला विचारलं, ते गाणं आठवतं का? ती लगेच म्हणाली, "हो, त्या वेळी आमच्या पुढच्या काकूंनी चष्मा काढून डोळे पुसले." बघा. एकशे सहा व्हिडिओंत त्या काकू नव्हत्या. कार्यक्रमात सगळ्यांना दिलेले मनगटावरचे लुकलुकणारे पट्टे परत द्यायचे होते, तेव्हा तिने देण्याआधी अंगठ्याने दाबून बघितलं होतं की आत काय आहे. हेही आठवलं. मी तिच्या हातात पेन दिलं.

आणखी एक. कानात घालायचे बोळे न्या, गाणं तरीही चांगलं ऐकू येतं. आमच्या कानात सोमवारपर्यंत रातकिडे ओरडत होते. तेव्हा आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा, आज मी कोणालाही तसं करू देणार नाही. कानातला तो आवाज थांबला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

शेवटी दोन पानं कोरी ठेवा

वही पूर्ण झाली असं समजू नका. माझ्या वहीची शेवटची दोन पानं मी मुद्दाम कोरी ठेवली होती. गेल्या महिन्यात मस्कतवाल्याचा फोन आला, रात्री अकराला. म्हणाला, "तुला तो पाणी देणारा पोरगा आठवतो का?" मला मुलगा आठवत होता. बारका, आमच्याहून लहान, पाठीवर शाळेचं दप्तर. पाण्याची पिशवी दाताने फाडून त्याने आधी माझ्यापुढे धरली होती. चेहरा अजिबात आठवत नव्हता. "तो काय म्हणाला होता ते आठवतं?" मी म्हटलं, नाही. "तो 'कुडी' म्हणाला होता रे. आणि तू त्याला कन्नडमध्ये उत्तर दिलंस."

आमच्या मिरजेत बाजारात कन्नड कानावर पडतंच, मला चार शब्द येतात. कुडी म्हणजे पी. फोन ठेवला, दिवा लावला आणि कोऱ्या पानावर तारीख टाकून तेवढा एक शब्द लिहिला. मी त्याला काय उत्तर दिलं, त्यासाठी खाली जागा सोडली आहे.